आत्याआजीची दुरुस्ती

पहिला फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. फोन खांद्यानं कानाशी धरला, तर पलीकडे एक म्हातारी. आवाज खणखणीत, आणि हाय-हॅलो काही नाही. "फोनबुकात तुमचं आडनाव निवेंडकर दिसतंय. ते जन्मानं की लग्नानं?"

मला वाटलं, काहीतरी विकणारी असेल. म्हटलं, लग्नानं.

"मग तुमचा उपयोग नाही," ती म्हणाली. "नवऱ्याला द्या."

नवरा ऑफिसात होता. साडेसहाला परत करते म्हणाली, आणि घड्याळात बरोबर साडेसहा झाले तेव्हा फोन वाजला. समीरला तिनं वडलांचं नाव विचारलं, मग आजोबांचं, मग पणजोबांचं. पणजोबांपाशी समीर अडखळला. पुण्याला सासऱ्यांच्या हॉलमध्ये एक पगडीवाला फोटो आहे, त्याखालची पाटी आठवून तो म्हणाला, "केशव असावं." असावं म्हटल्याबद्दल त्याला तिथल्या तिथे बोलणी बसली. मग ती म्हणाली, केशवला एक धाकटा भाऊ होता, विनायक. मी त्याची मुलगी. शनिवारी या आणि जन्माचा दाखला घेऊन या. समीरनं फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "यार, ही बाई बर्थ सर्टिफिकेट मागतेय."

हे दोन हजार तीनमधलं. आम्ही तेव्हा आयोवात, डी मॉइनला राहायचो, आणि आमच्यापासून दीड तासावर, मक्याच्या शेतांमध्ये, आमची एक आत्याआजी ऐंशी वर्षं राहत होती हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं, ते पुढे येईलच. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी माझं डोकं तापतं, तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

तिचं नाव एस्थर. ती बोलायची इंग्रजीत, मी सांगतेय माझ्या मराठीत. उंच, हाडापेरानं दणकट, रंग आपल्यासारखा गव्हाळ, डोळे मात्र करडे. बापाचा पिकअप ट्रक विकून तिनं दुसरा जुनाच ट्रक घेतला होता आणि तो ती अशी चालवायची की समोरचा आपोआप कडेला जायचा. दार उघडलं तेव्हा समीर तिच्या तोंडाकडे बघतच राहिला, कारण तिथे माझ्या सासऱ्यांचं नाक होतं, जसंच्या तसं, टोकाला जरा खाली वळलेलं.

"नाक पुरावा नाही," ती म्हणाली. "दाखला आणलात का?"

लग्न तिनं केलं नव्हतं. तरुणपणी गावच्या शाळेत शिकवलं, मग शेत केलं, आणि म्हातारपणी शेत भाडेपट्ट्यानं देऊन ती काउंटीच्या लायब्ररीच्या तळघरात जाऊन बसली. तिथे त्या भागातल्या घराण्यांच्या नोंदी असतात. कोण कुठून आलं, कोणाशी लग्न झालं, कुठे पुरलं. लोक आपली वंशावळ शोधायला येत आणि एस्थरच्या तावडीत सापडत. तिच्याकडे दोन रंगांची कार्डं होती. पुराव्यासकटची गोष्ट पांढऱ्या कार्डावर, ऐकीव गोष्ट पिवळ्या. कोणी म्हणालं, आमचे खापरपणजोबा मोठे सरदार होते, की ती मान वर न करता विचारायची, "कशावरून?" आजी सांगायची, असं म्हटलं की पिवळं कार्ड. 'असेल', 'म्हणतात', 'बहुधा' हे शब्द ऐकले की तिच्या कपाळावरची शीर उठायची. मग आमच्यासारख्यांचं काय होणार, ज्यांचं सगळं आयुष्य 'असेल'वर चालतं?

त्या तळघरात काउंटीचा एक छापील इतिहास होता, शंभर वर्षांपूर्वीचा. त्यातली चूक सापडली की एस्थर पान खोडायची नाही, फाडायची नाही. एक पट्टी कापायची, तीवर तीन ओळी लिहायची: चूक काय, बरोबर काय, पुरावा काय. खाली लिहिणाऱ्याची सही. आणि ती पट्टी त्या ओळीशेजारी डिंकानं चिकटवायची. इतक्या पट्ट्या झाल्या होत्या की ते पुस्तक मिटायचं नाही, वर वीट ठेवावी लागे. गावातल्या बँकवाल्या मोठ्या घराण्यानं एकदा चर्चच्या जेवणात आपल्या वंशावळीचा मोठा तक्ता लावला होता म्हणे. एस्थर हातात बटाट्याच्या सॅलडची ताटली घेऊन तक्त्यासमोर उभी राहिली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, तुमचे हे मूळपुरुष अमुक साली वारले आणि त्यांचा हा मुलगा त्यानंतर चार वर्षांनी जन्मला, तेव्हा एक तर तारीख बदला नाही तर बाप. त्या वर्षीपासून तिला त्या जेवणाचं बोलावणं बंद झालं. तरी ती जायची. बोलावणं नाही याचा पुरावा कुठे आहे, म्हणायची.

मी तिच्याकडे दर बुधवारी जायला लागले. मी नागपूरची, पाच वर्षं नोकरी केलेली बाई, आणि इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे मला काम करायची परवानगी नव्हती. पासपोर्टात शिक्का मारून मला घरी बसवलं होतं. मी कुरकुरले की एस्थर ऐकून घ्यायची, सांत्वन करायची नाही. मला पेन्सिल द्यायची. आम्ही जुन्या दफनभूमींत जायचो. झिजलेल्या थडग्यांवरची अक्षरं वाचायची तिची एक पद्धत होती. खडू लावायचा नाही, घासायचं नाही. एक हातभर आरसा घ्यायचा, बाजूला उभं राहून ऊन आडवं दगडावर पाडायचं, की मेलेली अक्षरं सावलीनं वर येतात. मी आरसा धरायचे, ती वाचायची. आरसा हलला की ओरडायची.

तिसऱ्या वर्षी, आमची ईरा दोन वर्षांची असताना, अशाच एका बुधवारी तिनं मला तिच्या आईच्या दगडावर ऊन पाडायला लावलं. तो दगड स्वच्छ होता, वाचायला आरशाची गरज नव्हती. हॅना. त्याच घरात जन्मलेली, शेतकऱ्याची मुलगी, आणि त्याच घरात मेलेली. विनायक शेतकी कॉलेजात शिकायला आला, सुट्टीत हिच्या बापाकडे गुरं सांभाळायला राहिला, आणि दोघांनी लग्न केलं. तेव्हाचा कायदा असा, की हिंदुस्थानातल्या माणसाला अमेरिकेचं नागरिक होता येत नाही, आणि जी बाई अशा माणसाशी लग्न करेल तिचंही नागरिकत्व जाईल. हॅनाचं गेलं. ती कुठे गेली नाही, आली नाही, त्याच चुलीशी उभी होती, आणि परकी झाली. मतदानाच्या दिवशी शेजारणी नटून जायच्या आणि ही खिडकीतून बघायची. पुढे कायदा बदलला तेव्हा तिला हात वर करून शपथ घ्यावी लागली, त्याच देशाची, जो तिनं एक दिवस सोडला नव्हता.

"तुझं लग्न झालं म्हणून तुला काम नाही," एस्थर म्हणाली. "माझ्या आईचं लग्न झालं म्हणून तिला देश नव्हता. आरसा सरळ धर."

तिला काय हवं होतं ते तिनं त्याच दिवशी सांगितलं. आपल्याकडे घराण्याचा कुलवृत्तांत छापतात, हे तिला बापाकडून माहीत होतं. पिढ्यान् पिढ्यांची नावं, कोण कोणाचा मुलगा, कोण कुठे गेला. तिला त्या पुस्तकात दोन नावं हवी होती. आईचं आणि तिचं. जमीन नको, भेट नको, माफी नको. बापाच्या ओळीखाली दोन नावं, मेल्याआधी. "माझ्या आईनं त्याच्यासाठी देश दिला," ती म्हणाली, "त्याच्या लोकांनी एक ओळ द्यावी."

मी म्हटलं, एवढंच ना, होईल की.

योगायोगानं कुलवृत्तांताची नवी आवृत्ती पुण्यात निघतच होती, आणि संपादक कोण, तर आमचेच बापूकाका, सासऱ्यांचे सख्खे चुलतभाऊ. सज्जन माणूस, म्हणजे भेटला की आंबावडी देणारा. मी उत्साहानं माहितीपत्रक मागवलं. एस्थरनं ते इतकं काळजीपूर्वक भरलं की मलाच लाज वाटली, कारण आमचं पत्रक समीरनं गाडी चालवता चालवता मला सांगून भरलं होतं. विवाहाचा दाखला जोडला, जन्माचा जोडला, दगडांचे फोटो जोडले. व्यवसाय या रकान्यात तिनं लिहिलं, डुकरं पाळली. मी म्हटलं, आपण शेती लिहूया का? "त्यानं डुकरं पाळली," ती म्हणाली. "चांगली पाळली. तू मला शिकवू नकोस." ते मात्र खरं, की विनायक डुकरांशी आणि गाईंशी मराठीत बोलायचा. घरात आणखी कोणाशी बोलणार? एस्थर म्हातारपणीही शेजाऱ्याचं वासरू कुंपणातून आलं की "चल गं, चल" म्हणून हाकलायची. मक्याच्या पिठाची भाकरी थापायची, ओल्या हातानं, बिडाच्या तव्यावर, आणि तिला पापाची, म्हणजे बापाची, भाकर म्हणायची. माझ्यापेक्षा गोल यायची तिची.

मग तिनं पत्रं काढली. तीन पाकिटं, विनायकनं आपल्या आईला कोकणात, निवेंडी गावी लिहिलेली, आणि तिन्ही परत आलेली. बाप गेल्यावर ती तिला त्याच्या ट्रंकेत न उघडलेली सापडली होती. तिनं किटलीच्या वाफेवर उघडली, पण वाचणार कोण? विद्यापीठातल्या कोणा प्राध्यापकाला दाखवली होती, त्याला जमलं नाही. तीस वर्षं ती पत्रं मराठी वाचणाऱ्या माणसाची वाट बघत होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचून दाखवली, एकेक वाक्य वाचायचं आणि इंग्रजीत सांगायचं.

शेवटच्या पत्रात असं होतं: "तीर्थरूप मातोश्रींचे चरणी बालके विनायकाचे शिरसाष्टांग नमस्कार. लग्नाचे पूर्वी कळविले होते, त्यावर दादाचे उत्तर पोचले. ते वाचून जे वाटले ते लिहीत नाही. आज लिहिण्यास कारण की, सौ. हॅना प्रसूत होऊन मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. मुलीचे नाव ठेवण्याचा मान आपला. आपण कळवाल ते ठेवू. तोवर हिची आई तिला एस्थर म्हणते."

मी थांबले. एस्थरनं एक पांढरं कार्ड ओढलं आणि त्यावर लिहिलं. मी वाकून बघितलं. नाव: एस्थर, तात्पुरतं. पुरावा: वडलांचं पत्र.

"ऐंशी वर्षं मी तात्पुरती आहे," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. पेन्सिल इतक्या जोरात ठेवली की टोक तुटलं.

मग तिनं पाकीट उलटं करून मागची ओळ विचारली. काळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "हा इसम आमचे कुळात नाही. पत्र परत." खाली सही, के. वि. निवेंडकर. केशव. सासऱ्यांच्या हॉलमधला पगडीवाला. दर दिवाळीला ज्या फोटोला मी सून म्हणून हार घातला होता, तो माणूस. आईच्या नावाचं पत्र आईला न दाखवता ह्यानं परत पाठवलं होतं. नातीचं नाव काय ठेवायचं हे त्या आजीला कोणी विचारलंच नाही. मला त्या क्षणी पुण्याला जाऊन तो फोटो खिळ्यासकट उतरवावासा वाटला. ते शक्य नव्हतं, म्हणून पाकिटाची झेरॉक्स काढून समितीला पाठवली.

दोन हजार सहाच्या दिवाळीला आमच्या इथल्या मराठी मंडळानं एस्थरचा सत्कार ठरवला. मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ प्रधानकाका, रिटायर्ड डॉक्टर, त्यांना मी एक पांढरं कार्ड आधीच दिलं होतं, सगळी नावं, सगळी माहिती. शाळेचा हॉल, फराळाचा वास, पोरं इंग्रजीत आरडाओरडा करत पळताहेत, आणि काकांचं भाषण सुरू झालं. सातासमुद्रापार मराठी झेंडा, पहिला मराठी पायोनियर, कोकणच्या मातीचा सुगंध. मी एस्थरच्या कानाशी भाषांतर करत होते. वीस मिनिटं झाली तरी हॅनाचं नाव येईना. शेवटी शाल आली, नारळ आला. एस्थर शाल घेऊन उभी राहिली आणि माइक हातात घेतला.

"माझ्या आईचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

काका हसून म्हणाले, आपल्या मातोश्रींचा अर्थातच मोठा सपोर्ट होता.

"तिला नाव होतं. ते कार्डावर लिहून दिलं होतं. तुमच्यातल्या कोणी वाचलं?"

कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. मी उठून ते नाव ओरडायला हवं होतं, पण मी सून होते, आणि काकांसमोर बोलायचं कसं, म्हणून चिवड्याच्या डिशकडे बघत बसले. परतताना ट्रकमध्ये तिनं नारळ आमच्या मध्ये सीटवर ठेवला. मग म्हणाली, नारळ घेतला, नारळ खरा आहे. भाषण पिवळ्या कार्डावर.

इथपर्यंत दुसऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे. आता माझी पाळी.

कुलवृत्तांत समितीचं उत्तर आलं ईमेलनं. बापूकाकांनी लिहिलं होतं: "चि. सौ. मृणाल, आपण पाठविलेली माहिती उद्बोधक आहे. तथापि सदर विवाह वैदिक पद्धतीने झाल्याचा पुरावा नाही. तसेच कै. केशवराव यांच्या स्मृतीस बाधा येईल असा मजकूर प्रसिद्ध करणे उचित होणार नाही." मी लगेच फोन केला. काका गोड बोलले. म्हणाले, अगं, तू पाकिटाची झेरॉक्स कशाला पाठवलीस, तुमच्याच पणजोबांची शोभा. आणि असं बघ, मुलीकडून वंश आपण तसाही पुढे नेत नाही, ती बाई ऐंशीची, तिला मूलबाळ नाही, मग कोणाला काय फरक पडतो? मी म्हटलं, तिला पडतो. ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो, बघू.

'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. आपल्याकडे 'नाही' कोणी म्हणतच नाही. 'बघू' म्हणतात, 'कळवतो' म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. समीर म्हणाला, "आत्ताच तिला कशाला सांगतेस? उगाच हर्ट होईल. होईल काहीतरी." आणि मी बुधवारी गेले आणि एस्थरनं विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, होईल. तिच्या भाषेत मी 'इट विल बी डन' म्हटलं. तिच्या भाषेत त्याचा अर्थ होईल असाच होतो. आठ महिने मी दर बुधवारी तेच म्हणत होते. तिनं एक पांढरं कार्ड करून ठेवलं होतं, तेही मला दिसत होतं: निवेंडकर कुलवृत्तांत, नवी आवृत्ती, नोंद मान्य. पुरावा: मृणाल.

पुस्तक आलं सासऱ्यांच्या बॅगेतून, दोन हजार सातच्या उन्हाळ्यात. जाड, लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. सासरे कौतुकानं आमचं पान काढून दाखवत होते. त्यात आमची तीन वर्षांची ईराही होती, 'कन्या' म्हणून, आणि तिच्यापुढे ओळ संपलेली. मी मात्र आधी केशवरावांचं पान शोधलं. त्यांच्या धाकट्या भावाची नोंद अशी होती: "विनायक. उच्च शिक्षणार्थ अमेरिकेस प्रयाण. तेथे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावलौकिक. अविवाहित. निर्वंश."

नावलौकिक कुठून आला? आमच्याच पत्रकातून. एस्थरनं लिहिलेल्या माहितीतून त्यांनी डुकरं काढली, बायको काढली, मुलगी काढली, आणि उरलेलं घराण्याच्या शोभेला लावलं. मी सासऱ्यांना म्हटलं, बाबा, ही बाई इथून दीड तासावर बसलीय, तुमचं नाक घेऊन, आणि तुम्ही तिच्या बापाला निर्वंश छापलंत? सासरे म्हणाले, "अगं, छापून झालं आता." जणू छापलं की खरं होतं. मी त्यांच्यासमोर आवाज चढवला, लग्नानंतर पहिल्यांदा. समीर मध्ये पडला, मी त्यालाही सोडलं नाही. तू म्हणाला होतास होईल काहीतरी. हे बघ काय झालं ते.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन मी एकटी ड्राइव्ह करत गेले. टेबलाशी बसून तिला ती ओळ वाचून दाखवली, शब्दशः, आणि ईमेल कधीचं आहे तेही सांगितलं. तिनं ओळीचं काहीच विचारलं नाही. कार्डाच्या पेटीतून ते पांढरं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"ही माणसं खोटी आहेत हे मला जन्मापासून माहीत आहे," ती म्हणाली. "पण पुरावा म्हणून मी तुझं नाव लिहिलं होतं. आठ महिने तू मला पिवळं कार्ड पांढरं म्हणून दिलंस."

मी म्हटलं, तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

"दुखलं असतं. दुखून मी त्यांना स्वतः पत्र लिहिलं असतं, पुस्तक छापायच्या आत. तू माझे आठ महिने खाल्लेस. माझ्याकडे किती आहेत असं तुला वाटतं? जा."

मी गेले. रस्ताभर रडले, आणि रागावले कोणावर तर तिच्यावर. एवढं केलं तिच्यासाठी, म्हणे जा. घरी पोचेपर्यंत तो राग वळून जिथे जायला हवा तिथे गेला. सभ्यपणा म्हणून आपण जे करतो ना, ते निम्म्या वेळा निव्वळ भित्रेपण असतं. केशवरावांनी निदान पाकिटावर आपल्या हातानं लिहिलं होतं, नाही म्हणून, सही करून. मी तर तेवढंही केलं नव्हतं.

दर बुधवारी मी फोन करायचे, ती उचलून नाव ऐकून ठेवून द्यायची. उचलायची मात्र. त्या हिवाळ्यात समीरला फ्रिस्कोला नोकरी लागली, टेक्ससमध्ये, आणि आम्ही निघायच्या आधीच्या आठवड्यात तिचाच फोन आला. लायब्ररीत ये, म्हणाली, पुस्तक घेऊन ये, आणि पेन आण, शाईचं.

बर्फ पडून गोठलं होतं. ती तळघरात कोट न काढता बसली होती, बरीच वाळली होती, मनगटं कोटाच्या बाहीत हरवलेली. पुढ्यात डिंकाची बाटली आणि कापलेल्या पट्ट्या. एक नाही, चाळीसएक. कसं आहे, निरोप वगैरे काही नाही. म्हणाली, पुस्तक मराठी आहे, वाचणारे मराठी आहेत, दुरुस्ती मराठीत हवी, आणि मला मराठी येत नाही. मी सांगते, तू लिही. जसंच्या तसं. मऊ करू नकोस.

मी लिहिलं.

चूक: अविवाहित, निर्वंश.
दुरुस्ती: डुकरे पाळली. पत्नी हॅना. मुलगी एस्थर.
पुरावा: मी.

"पुरावा मी, एवढंच?" मी विचारलं. दाखले, पत्र, पाकीट?

"एवढंच. बसलेय ना इथे."

मग म्हणाली, खाली सही कर. पट्टी लिहिणाऱ्याची सही लागते. मी पेन टेकवलं आणि थांबले. विचारलं, लग्नाचं नाव की जन्माचं?

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "दोन्ही," ती म्हणाली. "त्यांना कळू दे कोणी लिहिलं ते."

मी मृणाल देवतळे निवेंडकर अशी सही केली. चाळीस पट्ट्यांवर केली. बोटं आखडली तरी ती थांबू देईना. त्या पट्ट्या माझ्याबरोबर टेक्ससला गेल्या, आणि मग जिथे जिथे तो लाल ग्रंथ दिसला तिथे मी एक लावून आले. दोन नातेवाइकांची घरं आमच्यासाठी त्यामुळे बंद झाली. सासऱ्यांच्या प्रतीत मी त्यांच्यासमोर लावली. त्यांनी ती काढली नाही. बापूकाकांच्या घरची अजून राहिलीय.

पहिली पट्टी मात्र तिनं स्वतः लावली, आमच्या प्रतीत. पान उघडलं, ओळ कुठली ते माझ्याकडून बोट ठेवून खात्री करून घेतली, डिंक लावला, पट्टी ठेवली आणि वर आख्खा पंजा दाबून धरला, भाकरी थापायचा तोच पंजा. त्या वसंतात ती गेली. हॅनाशेजारी आहे. म्हणजे मी तिला बघितलं ते हेच शेवटचं, त्या तळघरात, पुस्तकावर हात ठेवून बसलेली.

खूप वेळ झाला. वर लायब्ररी बंद व्हायची वेळ आली, दिवे जायला लागले. मला दीड तास बर्फातून जायचं होतं.

"वाळलं असेल आता," मी म्हटलं.

"कशावरून?" ती म्हणाली, आणि हात काही उचलला नाही.